शेवग्याच्या पाल्याचा वसा

बायांनो, हातात अक्षता घ्या आणि जाखाई माउलीची कहाणी ऐका.

डोंगराच्या कुशीत एक आटपाट गाव होतं. तिथं येसाई नावाची म्हातारी राहायची. तिला बहिरू नावाचा मुलगा होता, गवरा नावाची सून होती. दारात गावठी कोंबड्यांचं खुराडं होतं, परसात शेवगा होता. येसाईचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. शेजारीण आली की चुलीवरचं झाकी, सून बाहेर गेली की तिचं गाठोडं उकली.

एका साली पाऊस रुसला. कणगी तळाला गेली. येसाई कोंबड्यांना चिमटीनं दाणे टाकू लागली. मग त्यांचे तुरे फिके पडले, मग पिसं झडली, मग अंडी बंद झाली.

एके दुपारी जाखाई म्हातारीचं रूप घेऊन दारी आली. "बाई, घोटभर पाणी दे." गवरानं पाणी दिलं, ओसरीवर बसवलं. म्हातारीनं खुराड्याकडं पाहिलं. "मुली, तुला एक वसा सांगते." "सांगा आजी, काय करावं?" "शेवग्याचा पाला काढावा. सावलीत वाळवावा. कुटून चाळावा. कण्या-कोंड्यात कालवावा. दाणा जास्त घ्यावा, पाला थोडा घ्यावा. नुसता पाला घालू नये, कंटाळून वसा मोडू नये." इतकं सांगून म्हातारी वाटेला लागली.

गवरानं वसा धरला. मग तुरे लाल झाले, अंडी सुरू झाली. येसाईच्या मनात शंका आली. तिनं कणगीत हात घातला, तर दाणे सरायला हवे तेवढे सरले नव्हते. "गवरे, कुणाच्या घरचे दाणे आणतेस?" "आई, शेवग्याचा पाला घालते." "पाल्यानं कोंबडी अंडं देते होय? कुणाला शिकवतेस?"

मग येसाईनं अंडं फोडलं. बलक झेंडूसारखा पिवळा. "गवरे, कुठल्या देवऋष्याकडून भारून आणलंस?" "आई, पाल्याचाच रंग तो."

मग येसाईला मोठं मडकं सापडलं. आत हिरवी भुकटी. "गवरे, हे कुणासाठी? कोंबड्यांसाठी की माझ्यासाठी?" गवराच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, तोच पाला आहे हो."

येसाईला अन्न गोड लागेना. सुनेनं वाढलं की आधी मांजराला घाली, मग आपण खाई.

पुढं गवरा बहिणीच्या बाळंतपणाला गेली. येसाई म्हणाली, आता पारखते. तिनं कोंबड्यांपुढं नुसती भुकटी ओतली, दाणा एक घातला नाही. रोज तेच केलं. मग कोंबड्या पेंगू लागल्या, मग अंगणात बसून राहिल्या, मग कोंबडा आरवेना.

गवरा परतली, तर दारात गाव जमलेलं. येसाई ऊर बडवीत होती. "हिनं विष कुटून ठेवलंय! आधी कोंबड्या, मग मी!" बहिरूनं बायकोकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. "गवरे, खरं सांग. नाहीतर माहेरची वाट धर."

गवरानं एवढंच विचारलं, "आई, दाणा किती घातलात?" "दाणा कशाला? तुझंच औषध घातलं!"

गवरा घरात शिरली. चूल पेटवली. मूठभर पिठात ती भुकटी घातली, भाकरी थापली. सगळ्यांपुढं मोडली. एक तुकडा आपण खाल्ला. एक बहिरूला दिला, त्यानं मान खाली घालून खाल्ला. एक सासूपुढं ठेवला. "आई, खा, नाहीतर मला घालवा."

येसाईनं तुकडा हुंगला. उलटून पाहिला. सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. मग तोंडात घातला, चावला.

"शेवगाच गं," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "मीठ कमी झालंय."

गवरा हसली, आणि हसता हसता रडली.

मग तिनं दाण्यात थोडा पाला कालवला, कोंबड्या उठल्या, कोंबडा आरवला. येसाई स्वतः पाला कुटायला बसली. चाळताना अजून एकदा हुंगून बघे, पण सुनेला काही विचारीना.

जाखाई जशी गवराला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. कुणाच्या लेकीवर असा आळ न येवो. लांबलचक उत्तरांची ही कहाणी थोडक्या उत्तरांत सांगितली, ती सुफळ होवो, संपूर्ण होवो.