दरवर्षी जिंकणारा दर्यासारंग

फार पूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा जरा कमी खारट होता तेव्हा, एका बंदरात एक दर्यासारंग राहत होता. राणीसाहेबांचं सगळं आरमार त्याच्या हाताखाली. त्याच्या मिशा इतक्या लांब, की वारा कुठून वाहतोय हे खलाशी झेंड्याऐवजी मिशांकडे बघून ओळखायचे. खोटं वाटत असेल तर मिशांनाच विचारा म्हटलं असतं, पण त्या आता उरल्या नाहीत. का, तीच ही गोष्ट.

त्या बंदराची एक रीत होती. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आरमाराची लुटुपुटूची लढाई व्हायची. अर्धी गलबतं आपली, अर्धी चाच्यांची. जो जिंकेल त्याला सोन्याचा वर्ख लावलेला नारळ. खलाशी तयार राहावेत म्हणून कुणा शहाण्या पूर्वजाने ही रीत पाडली होती.

पण या दर्यासारंगाच्या काळात नारळ दरवर्षी त्याच्याच घरी जायचा. चाचे झालेले खलाशी थोडी आरडाओरड करायचे आणि सारंगाचं गलबत जवळ आलं की धपाधप पाण्यात उड्या मारायचे. त्यातला एक जाडा खलाशी तर डेकवर इतका सुरेख मरायचा, की किनाऱ्यावरच्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मग तो उठून सगळ्यांना हात करायचा.

एके वर्षी चाच्यांच्या बाजूला खलाशांचा म्होरक्या म्हणून एक नवा तांडेल आला. चाच्यांनी हरायचं असतं, ही समजूत त्याला कुणी दिलीच नव्हती.

दर्यासारंग दुर्बीण लावून समोरच्या समुद्राकडे बघत उभा होता. चाचे काही येईनात. एवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर टिचकी मारली.

"सरकार, तुम्ही पकडले गेलात," तांडेल म्हणाला. सारंगाच्या गलबतावर मांडून ठेवलेला नारळ त्याच्या काखेत होता.

"तू आलास कुठून?"

"खडकांच्या मागून. ऐन भरतीला तिथून वल्ह्यांचे मचवे पार होतात. शीड नाही, त्यामुळे लांबून दिसतही नाहीत."

किनाऱ्यावर एकच हशा पिकला. माशांच्या टोपल्यांवर बसलेली मांजरंसुद्धा हसली म्हणतात. दर्यासारंगाच्या मिशा वारा नसताना थरथरल्या.

संध्याकाळी तांडेल त्याच्या घरी गेला. "सरकार, रागावू नका. जी वाट मला सापडली, ती चाच्यांनाही सापडेल. खडकांपाशी पहारा बसवा. आणि आपल्या माणसांना त्या वाटेने मचवे हाकायला शिकवू या. मी शिकवतो."

तांडेल खरं बोलतोय, हे दर्यासारंगाला कळत होतं. पण कानात अजून तो हशा घुमत होता.

"तू उद्यापासून कोठारात बसायचं," तो म्हणाला. "फाटकी शिडं शिवायची. मागून येणं हे काय शूराचं काम झालं?"

"चाचे कधी विचारून आलेत, सरकार?"

"जा म्हणतो ना!"

तांडेलाने थोडे दिवस शिडं शिवली, मग सुई ठेवली आणि दुसऱ्या राज्याच्या बंदराची वाट धरली. पुढच्या नारळी पौर्णिमेला नारळ पुन्हा दर्यासारंगाच्या घरी आला. खलाशांनी काय शिकायचं ते शिकून घेतलं होतं.

दिवाळीच्या सुमाराला खरे चाचे आले. ऐन भरतीला, खडकांच्या मागून, वल्ह्यांच्या मचव्यांतून.

दर्यासारंग ओरडला, "भिडा!" पण खलाशांचे हातपाय त्यांना माहीत होतं तेच करू लागले. थोडी आरडाओरड झाली आणि धपाधप उड्या पडल्या. नांगरलेली बहुतेक गलबतं चाच्यांनी जाळून टाकली. जाडा खलाशी एकटा डेकवर उभा राहिला आणि पडला. या वेळी तो मुळीच सुरेख पडला नाही, आणि उठलाही नाही.

"सारंग," राणीसाहेबांनी विचारलं, "ही वाट तुम्हाला ठाऊक नव्हती?"

"ठाऊक होती, राणीसाहेब. एकाने दाखवली होती."

त्याच दिवशी त्याने मिशा उतरवल्या. मग तो स्वतः त्या दुसऱ्या बंदरात गेला आणि तांडेलापुढे हात जोडले.

"चल परत. चुकलं माझं."

तांडेलाला वाईट वाटलं. "मला इथंच राहू द्या, सरकार. इथंही लुटुपुटूची लढाई होते, आणि यंदा मला चाचा केलं होतं. मी जिंकलो, तर इथल्या सारंगाने मला जेवायला बोलावलं, आणि कुठून आलास ते नीट समजून घेतलं."

दर्यासारंग एकटाच परतला. पुन्हा नारळी पौर्णिमा आली. उरलेल्या चार गलबतांसमोर उभा राहून तो म्हणाला, "या वेळी मला हरवा रे. मागून या, खालून या, कसेही या."

खलाशी आले. थोडी आरडाओरड केली. सारंगाचं गलबत जवळ येताच त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पाण्यात उड्या मारल्या.

"अरे, पकडा मला!" तो रडवेला होऊन ओरडत राहिला.

नारळ त्यालाच मिळाला. तो त्याने जाड्या खलाशाच्या दारात नेऊन ठेवला आणि उंबऱ्याबाहेरच बसून राहिला. समुद्राचं पाणी जास्त खारट झालं ते तेव्हापासूनच, असं त्या बंदरातले लोक म्हणतात.

तात्पर्य: खेळात आपल्याला हरवणारी माणसं जपावीत; त्यांना घालवलं, की संकटाच्या वेळी हाताशी उरतात ती आपणच हरायला शिकवलेली माणसं.