स्वतःसाठी काहीच न ठेवणारा जिवाणू

“मग तो मेला कशानं?” आक्कांनी विचारलं.

“तेच तर कळत नाही,” वीरेश म्हणाला.

गडहिंग्लजकडच्या आमच्या मठात दासोह चालतो, म्हणजे येईल त्याला जेवू घालायचं. ते सगळं नागम्मा आक्का बघतात. मी तिथला आचारी. वीरेश कोरे लहानपणी इथंच राहून शिकला, आता मातीतल्या जिवाणूंचा मोठा शास्त्रज्ञ झालाय. हुशार आहे, पण हुशारी खांद्यावर टाकून फिरतो. माझा राग नाही त्याच्यावर. थोडा आहे.

“मला समजंल असं सांग,” आक्का म्हणाल्या.

“आपल्या काळ्या रानात पिकाला लागणारा स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भरपूर आहे, आक्का. पण चुन्यात अडकलेला. मुळांना मिळत नाही. मी एक जिवाणू घडवला. तो आम्ल सोडतो आणि अडकलेला स्फुरद मोकळा करतो.”

“असले जिवाणू रानात असतातच की.”

“असतात. पण ते आधी आपलं पोट भरतात.” तो हसला. “ते ज्या जनुकामुळं होतं, ते जनुकच मी काढून टाकलं. माझा जिवाणू स्वतःसाठी कणभर ठेवत नाही. सगळं पिकाला.”

“दाताच म्हणायचा.”

“कर्ण म्हणा.”

प्रयोगशाळेतल्या बाटलीत हा कर्ण महिनोन्‌महिने मजेत जगला. तिथं त्याला लागेल ते वरून मिळत होतं. चाचणीच्या वाफ्यात सोडला, तर नवव्या दिवशी औषधालाही शिल्लक नाही. दोन हंगाम हेच झालं. आता शेवटचा एक हंगाम उरला होता. तोही फसला तर काम बंद, आणि वीरेशची नऊ वर्षं पाण्यात.

“यंदा त्याला दुप्पट आम्ल सोडायला लावतो,” तो म्हणाला. “आणखी द्यायला शिकवतो. तुमचा आशीर्वाद पाहिजे.”

आक्कांनी दाराकडं बघितलं. बाहेर पंगत बसत होती…

“चल, वाढायला ये,” त्या म्हणाल्या.

आमच्या मठाची एक रीत आहे. वाढपी आधी जेवतात. नवखा माणूस हसतो, पण आक्कांपुढं कुणाचं चालत नाही. आम्ही सगळे जेवून, ढेकर देऊन उभे होतो.

“दोन घास खाऊन घे,” मी वीरेशला म्हणालो. तो पहाटे नुसत्या चहावर पुण्याहून निघालेला.

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “भीमण्णा, ही रीत मला तेव्हाही पटली नव्हती. लोक उपाशी बसलेत आणि मी जेवू?”

मी आक्कांकडं बघितलं. त्यांनी हातानंच सांगितलं, वाढू दे.

पहिल्या रांगेला त्यानं हुग्गी, म्हणजे आमची गव्हाची खीर, इतकी झपाझप वाढली की मीच बघत राहिलो. दुसऱ्या रांगेत त्याला घाम फुटला. तिसऱ्या रांगेच्या मध्यावर त्यानं बादली खाली ठेवली, खांब धरला आणि मटकन बसला.

बादली उचलायला निघालेल्या वाढप्यांना आक्कांनी नजरेनंच थांबवलं, आणि पुढची साठ माणसं रिकाम्या पानांवर ताटकळली. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू.

आक्का आल्या. त्याच्यापुढं पान मांडलं. बादली ओढली आणि त्यालाच वाढलं.

“आक्का, लोक थांबलेत…”

“व्हय.”

त्यानं एक घास घेतला. दुसरा घेतला. मग हात पानातच थांबला आणि बराच वेळ तो बादलीकडं बघत राहिला…

“ते जनुक परत घालायला पाहिजे,” तो हळूच म्हणाला.

आक्कांनी तुपाचं भांडं जवळ ओढलं.

“पण त्यानं आधी आपलंच पोट भरलं, तर पिकाला उशीर होईल. कमी पडेल, आक्का.”

आक्कांनी आणखी एक डाव हुग्गी वाढली. वर तूप सोडलं.

“तिकडं पंगत खोळंबलीय,” त्या म्हणाल्या. “पोटभर जेव.”