कोतवालाची सभा

फार जुन्या काळी माळावरच्या बाभळीत पाखरांची वस्ती होती. अंडी चोरीला जाऊ लागली, तसं राखणदार कोतवाल पक्ष्याने सभा बोलावली. सगळ्यांनी जातीने हजर राहायचं!

दूर खडकाळ माळावर टिटवी एकटीच राहायची. ती म्हणाली, "कोतवालसाहेब, माझी अंडी उघड्यावर आहेत. इथूनच ओरडून सांगते."

"तुझ्या ओरडण्यानेच वस्ती वैतागलीय, बाई! इथे ये."

ती गेली. फांदीवर तिला बसता येत नाही, म्हणून बाभळीखाली एकटीच उभी राहिली. वर कोतवाल शेपटी मिरवत सांगत होता, "घर सोडू नका. चोर दिसला की ओरडा." साळुंक्यांनी माना डोलावल्या.

टिटवी परतली. खड्यांमधली जागा रिकामी होती. ती जिवाच्या आकांताने ओरडली.

"सभा झाली ना, बाई!" बाभळीतून आवाज आला. "आता कशाला ओरडतेस?"