नावाडी पोचला का, बुवा?

"आणि मध्येच विसरलो तर?"

"तर विसर," सरूआक्का म्हणाल्या आणि पुन्हा देवापुढची फुलं निवडायला लागल्या.

भार्गवबुवा चिडले. कीर्तनाचं वेड त्यांना या बाईंनीच लावलं होतं, झांजाही यांनीच हाती दिल्या होत्या. त्याच परत करायला ते आज देवळात आले होते. आणि बाई म्हणतात, विसर!

एके काळी बुवांच्या पाठांतराचा पंचक्रोशीत डंका होता. टिपण समोर ठेवणाऱ्या कीर्तनकाराला ते 'तलाठी' म्हणत. श्रोत्यांत कुणी कुजबुजलं की कथा थांबवून त्याला उठवत. मग डोक्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी किरणं दिली, गाठ विरली, जीव वाचला. पण पुढे कळलं की कानशिलाआडचा, आठवण साठवणारा भागही त्या किरणांनी भाजून निघालाय. जुनी पदं, जुन्या कथा सगळ्या तोंडपाठ. नवं मात्र टिकेना. एक पद म्हणून होईपर्यंत कुठली कथा लावली होती तेच पुसून जायचं.

गेल्या उत्सवात त्यांनी नावाड्याला ऐन पुरात सोडलं, डोळे मिटून पद म्हटलं, आणि डोळे उघडून भलत्याच कथेतल्या कुंभारणीची भट्टी पेटवली. लोक आदरानं गप्प बसले. बाजारातला पानवाला मात्र गप्प बसणारा नव्हता. "नावाडी पोचला का, बुवा?" तो रोज विचारी, आणि बुवांना ते रोज नव्यानं झोंबे.

"या घ्या झांजा," बुवा म्हणाले. "लोकांपुढं हसं करून घ्यायचं नाही मला."

आक्कांनी झांजांकडे पाहिलंही नाही.

"किरणांनी आठवण जाळली. ताठा नाही जळला?"

"आक्का!"

"तिकडे नावाडी बुडतोय आणि तुला तुझ्या अब्रूची पडलीय. आज संध्याकाळी तूच उभा राहा."

"माझ्यामागं झील कोण धरणार? शिष्य केव्हाच पांगले."

आक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या. झांजा घेतल्या आणि बुवांच्या पाठीमागं जाऊन उभ्या राहिल्या.

कीर्तनकाराच्या मागं उभं राहून त्याचं ध्रुवपद उचलून धरायचं, ती झील. ती शिष्यानं गुरूमागं धरायची. गुरूनं शिष्यामागं धरल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. बुवा पाण्याहून पातळ झाले.

"हे पाप मला नको, आक्का."

"पाप माझ्याकडे. तू गा."

संध्याकाळी देऊळ भरलं. बुवांनी नावाड्याची कथा लावली. नदी फुगली, नाव सुटली. बुवांनी पद धरलं, मागून आक्कांचा चिरका आवाज आला. पद रंगलं, संपलं. बुवांनी डोळे उघडले...

काही नाही. समोर माणसं, मागं झांजा, मध्ये सगळं कोरं.

ते वळले. "आक्का... कुठली कथा?"

आक्कांना कथेचा शब्द न् शब्द ठाऊक होता.

"मला काय विचारतोस? त्यांना विचार."

या लोकांची तोंडं बुवांनीच वर्षानुवर्षं बंद ठेवली होती. देवळाची पायरी जवळच होती, उतरून जाता आलं असतं. पण मग त्यांना संताप आला. गाठीचा, किरणांचा, त्या पानवाल्याचा, स्वतःचासुद्धा.

"माझं डोकं भाजलंय!" ते ओरडले. "कुठवर आलो होतो, सांगा!"

कुणी बोलेना. सवयच नव्हती. शेवटी खांबापाशी बसलेली कासारीण भीतभीत म्हणाली, "नावेत पाणी शिरलंय, बुवा. वल्हं मोडलंय."

"मग बसलात काय? उपसा पाणी!"

देऊळ हसलं, टाळ्या पडल्या, आणि कथा सुटली. बुवा पुन्हा विसरले, पुन्हा विचारलं. लोक सांगत गेले. मोडलं ते वल्हं डावं की उजवं यावर दोघं म्हातारे हमरीतुमरीवर आले, तेव्हा बुवांनी दोन्ही मोडून टाकली. नावाडी पैलतीराला लागला तेव्हा बायका पदरानं डोळे टिपत होत्या.

गर्दी पांगली. बुवा पायरीवर बसले होते. त्यांनी गळ्यातला हार चाचपला. कपाळाला बोट लावलं, तर बोटाला बुक्का.

"आक्का... आज कीर्तन कुणाचं होतं?"

"तुझं."

"माझं? कसं झालं?"

"रंगलं."

बुवांनी खूप आठवून पाहिलं. डोळे भरून आले.

"एवढं रंगलं, आणि माझ्यापाशी त्यातलं काहीच नाही!"

आक्का चपला शोधत होत्या. वर न बघताच म्हणाल्या...

"तुझ्यासाठी केलं होतंस का?"