हरवलेल्या स्टेशनाची मोजणी

“मग स्टेशन होतं तरी कुठं?”

मोहरीर साहेबांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, आणि इमामबाबांनी तिसऱ्यांदा चहाचा घोट घेतला.

साहेब मोजणी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. अर्ध्या जिल्ह्याच्या हद्दी आपण ठरवल्या, हे त्यांनी आल्या आल्याच इमामबाबांपाशी चहाला बसलेल्या आम्हाला सांगून टाकलं होतं.

बाबा एके काळी नांदवणच्या छोट्या रेल्वेवर कामाला होते. खांद्यावर हातोडी टाकून रोज सहा मैल रूळ तपासत चालायचे. पुढं गाडी बंद झाली, रूळ उचलले, आता आटलेल्या ओढ्यावरचा कमानींचा पूल पाडला. अठ्ठावीस कमानींतली एकच उरली, आणि तिच्याखाली बाबा. गावातला अडला-नडला त्यांच्याकडे येतो. कुणाला उत्तर मिळतं, कुणाला नुसताच चहा.

“मला घाई आहे,” साहेब म्हणाले. “आई शहाऐंशी वर्षांची झाली. लग्न होऊन सासरी आली, ती याच स्टेशनावर उतरली. डॉक्टर म्हणतात, यापुढे प्रवास नको. आणि तिनं एकच धोशा लावलाय, मला एकदा त्या स्टेशनावर ने. दोन दिवस झाले, गावभर फिरवतोय तिला.”

“कुठं हाईत त्या?”

“त्या काय, रिक्षात.”

रिक्षा कमानीजवळच्या चिंचेखाली उभी होती. आत फिकट लुगड्यातली एक म्हातारी ताठ बसून समोर बघत होती.

“बोलवा की इकडं.”

“तिला कशाला त्रास? आधी जागा ठरू द्या.”

साहेबांनी नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले.

पूल बांधताना गवंड्यांनी दगडांवर आकडे कोरले होते. पहिल्या कमानीच्या दगडांवर एक, दुसरीच्या दगडांवर दोन, असे अठ्ठावीसपर्यंत. पहिली कमान स्टेशनाला लागून होती. साहेबांनी हिशेब बांधला, की गावात आकड्यांचे दगड शोधायचे, नकाशावर टिंबं द्यायची, क्रमानं जोडत यायचं. एक नंबर लागला की स्टेशन लागलं.

“आता हे बघा.” साहेबांचा आवाज थोडा खाली आला. “चार नंबर शाळेच्या पायरीला. पाच नंबर पार खाली, धोबीघाटावर. सहा पुन्हा उलटा मागं, मशिदीच्या हौदाला. आणि सात नंबर... एका बाईच्या मोरीत आहे. ती त्याच्यावर कपडे आपटते.”

आम्ही वाकून पाहिलं. रेघ दावं तुटलेल्या शेळीसारखी गावभर हिंडली होती.

“आगगाडी अशी वळेल कशी?” साहेबांनी विचारलं. ते खरोखरच आम्हाला विचारत होते.

“गाडी न्हाई वळली, सायेब. पूल पाडला तवा ज्याला पायजे त्यानं दगड नेले. बैलगाड्या लावून. पूल लोकांच्या घरी राहायला गेला.”

साहेबांची पेन्सिल रेघेवर थांबली. ज्याचं आयुष्य मोजण्यात गेलं त्याच्या ध्यानात एवढं येऊ नये? आम्हाला हसू येत होतं. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि हसवेना.

“आणि एक नंबर?” बाबांनी विचारलं.

“तीन सापडले. एक बाजारात, एक नव्या कॉलनीत, एक जुन्या कोंडवाड्यापाशी. तिन्ही ठिकाणी आईला नेलं.”

“काय म्हणाल्या?”

“हे नव्हे.”

“तिन्हीकडं?”

“तिन्हीकडं तेच. हे नव्हे, हे नव्हे.”

“आन् तुमी काय करत हुता तिथं?”

“मोजत होतो. दुसरं काय करणार? तिला म्हटलं, उतर, उभी राहा इथं. टेप घेऊन पुढं गेलो.”

बाबांनी कप खाली ठेवला...

“तुम्ही रोज त्या रुळावरून चालत होता,” साहेब म्हणाले. “तुम्हाला ठाऊक असणारच.”

“ठाऊक हाय.”

“मग इतका वेळ सांगत का नाही?”

“सांगून काय व्हायचं? तुमी काल जाऊन आला तिथं. कोंडवाड्याजवळचा दगड कुणी हलवलाच न्हाई. लई जड हुता. फलाट तिथंच हुता.”

“तिथंच?”

“अगदी तिथंच.”

साहेब नकाशाकडे बघत राहिले.

“म्हणजे माझी जागा बरोबर होती.” क्षणभर त्यांची छाती फुगली, आणि लगेच बसली. “पण मग आई नाही का म्हणाली?”

त्यांनी पेन्सिलनं कोंडवाड्याचं टिंब पुन्हा गिरवलं.

“वय झालं तिचं. विसरली असेल. पण बाकीच्या दोन ठिकाणीही नाही म्हणाली, ते बरोबरच होतं. म्हणजे विसरली नाही... मग चूक कोणाची, बाबा? तिची, की दगडाची?”

बाबा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. चिंचेखाली गेले, रिक्षापाशी उभे राहिले आणि कमरेत वाकले.

“या आई,” बाबा म्हणाले. “कवाची वाट बघतोय. परवास नीट झाला न्हवं? बसाया जागा मिळाली?”

म्हातारीनं मान वळवली. बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

“मिळाली हो,” ती म्हणाली. “खिडकीशी मिळाली. पण गाडीला उशीर फार झाला.”

“हुतोच उशीर. या, हळू. पायरी उंच हाय.”

बाबांनी हात पुढं केला. तो धरून ती खाली उतरली, पदर सारखा केला. इकडं तिकडं पाहिलं. एक मोडकी कमान, वाळत घातलेल्या गोधड्या, आमचा चहाचा स्टोव्ह. पाहण्यासारखं तिथं काही नव्हतं.

“हेच,” ती म्हणाली. “हेच ते.”

तिचे डोळे भरून आले. आम्ही नजर दुसरीकडे वळवली.

साहेब नकाशा तसाच हातात घेऊन धावत आले.

“अहो, इथं ओढा होता. आपण पुलाच्या खाली उभे आहोत. इथं गाडी कशी थांबेल?”

“न्हाई थांबली कधी,” बाबा म्हणाले.

“मग हे स्टेशन कसं? होतं तिथं ती नाही म्हणते, नव्हतं तिथं हो म्हणते... माझं डोकं चालेनासं झालंय, बाबा. जन्मभर जमीन मोजली, असं कधी झालं नाही. आता तुम्हीच सांगा, मी नकाशात काय मांडू?”

बाबांनी म्हातारीकडे पाहिलं.

म्हातारी मुलाकडे बघत उभी होती. हातात एक कापडी पिशवी होती, तिच्या ओझ्यानं एक खांदा खाली आला होता. साहेबांच्या एका हातात नकाशा होता आणि दुसऱ्यात पेन्सिल.

“काय मांडू?” साहेबांनी पुन्हा विचारलं.

“मांडाल मागनं,” बाबा म्हणाले. “आदी त्यांच्या हातातली पिशवी घ्या.”