कालव्यातली लाट

एका गावात भूपाल मगदूम नावाचा हळदीचा व्यापारी राहत असे. गावात तो फार अदबीने वागे. रस्त्यात म्हातारं माणूस दिसलं की गाडी थांबवून विचारपूस करी. त्याच्या थोरल्या बहिणीला, पद्माक्कांना, भावाचा मोठा अभिमान होता.

एका उन्हाळ्यात दोघं फ्रान्सला सहलीला गेली. तिथे कालव्यातून फिरायला भाड्याने बोट मिळते. ती आपणच चालवायची आणि वाटेतली गावं पाहत पुढे जायचं. भूपालने यादीच केली होती. सकाळी एका गावचं जुनं चर्च, दुपारी दुसऱ्या गावचा किल्ला, संध्याकाळी तिसऱ्याचा बाजार. कालव्यावर जागोजागी पाणी अडवणारे दरवाजे होते आणि ते दुपारी जेवणाच्या वेळी बंद होत. त्याआधी पुढचा दरवाजा गाठायचा म्हणून भूपालने बोट भरधाव सोडली.

काठाला एक जुनी बोट बांधलेली होती. तिचा म्हातारा मालक लहानशा होडीत उभा राहून तिला निळा रंग देत होता. त्याने हाताने ‘हळू’ अशी खूण केली. भूपालने हसून हात हलवला आणि तसाच पुढे गेला. मागे लाट उसळली. होडी उलटली, म्हातारा पाण्यात पडला.

“भूपाल, बोट थांबव,” अक्का म्हणाल्या.

भूपालने मागे वळून पाहिलं. “दोर धरलाय त्यानं. येईल वर. थांबलो तर दरवाजा बंद होईल.”

“अरे, माणूस पडलाय.”

“अक्का, इथं आपल्याला कोण ओळखतंय?”

अक्कांच्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या दरवाजाशी बोट थांबताच त्या टॉवेल घेऊन खाली उतरल्या. गुडघे दुखत होते, तरी भर उन्हात मैलभर मागे चालत गेल्या.

म्हातारा कसाबसा काठावर येऊन बसला होता. कपडे निथळत होते, कोपर सोललं होतं. अक्कांनी त्याचं डोकं पुसलं, जखम धुतली. भाषा येत नव्हती, म्हणून नुसते हात जोडले.

अर्ध्या तासाने भूपाल तणतणत आला. “झाला दरवाजा बंद. तुझ्यापायी किल्ला राहिला.”

अक्कांनी त्याचं मनगट धरून त्याला म्हाताऱ्यासमोर उभं केलं. “हा माझा भाऊ,” त्या मराठीतच म्हणाल्या. “यानंच तुम्हाला पाडलं.”

शब्द कळले नाहीत, तरी म्हाताऱ्याला अर्थ कळला. तो भूपालकडे टक लावून पाहत राहिला.

“परक्यापुढं माझी लाज काढलीस,” भूपाल पुटपुटला.

“गावात म्हाताऱ्यांसाठी गाडी थांबवतोस, ती कुणासाठी? त्यांच्यासाठी, की बघणाऱ्यांसाठी?”

भूपालने मान खाली घातली. मग बूट काढून छातीभर पाण्यात उतरला. होडी सरळ केली, तिच्यातलं पाणी उपसलं. काठावरच्या डब्यातला रंग घेऊन संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्याची बोट रंगवत राहिला.

म्हातारा हसला नाही, की त्याने आभारही मानले नाहीत. अक्कांना ते योग्यच वाटलं.

तात्पर्य: जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, तिथे आपण जसे वागतो, तसेच आपण असतो.