पितळी तोटी

"अजून किती तोट्या बसवायच्या, बुवा?"

बुवा मेथी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"परत गेली का?"

"गेली. हौद रिकामा झालाय. अंगणात नुसता चिखल."

"मग बाजारातून दुसरी आण. पितळीच आण."

जालिंदरने कपाळावर हात मारला. मठातला तोच सगळ्यांत कडक शिष्य. सुपारीचं खांडही त्याने कधी तोंडात धरलं नव्हतं आणि ते तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा.

तोटी कोण नेतो, हे दोघांनाही माहीत होतं. मच्छिंद्र. जालिंदरचाच धाकटा भाऊ. शाळेमागच्या टपरीवर नशेच्या गोळ्या मिळायला लागल्या आणि गावातली निम्मी पोरं तिकडे वळली. त्यांतला हा एक. घरातली भांडी संपली, तेव्हा आईने दार लावून घेतलं. आता तो कुठे झोपतो, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, असं चाललंय आपलं," जालिंदर म्हणाला. "प्लॅस्टिकची बसवू. तिला भंगारवाला हातसुद्धा लावत नाही. विषय संपला."

"नको."

"का नको?"

"पितळीच आण."

"बुवा, राग मानू नका. पण त्याच्या गोळ्यांना तुम्हीच पैसे पुरवताय."

बुवांचा हात थांबला.

"हो... तेही खरंच आहे."

"मग?"

"कोनाड्यातली भाकरी खाल्ली का त्यानं?"

हौदाशेजारच्या कोनाड्यात बुवा रोज संध्याकाळी भाकरी आणि चटणी झाकून ठेवत.

"खाल्ली. वर ताटली धुऊन पालथी घातली. तोटी चोरतो आणि ताटली धुतो. शहाणाच आहे."

"नुसत्या भाकरीसाठी आला असता?"

"भाकरीसाठी?" जालिंदर हसला, पण त्या हसण्यात वैतागच होता. "गोळीपुढे त्याला आई दिसली नाही, बुवा. भाकरी काय दिसणार?"

बुवा निवडलेली मेथी उचलून आत गेले.

पुढे बुवांना शेजारच्या गावी जावं लागलं. तिथला एक जुना भक्त अंथरुणाला खिळला होता. जाताना एवढंच म्हणाले, "भाकरी ठेवत जा."

आठवड्याने परतले, तेव्हा जालिंदर फाटकातच उभा होता. चेहरा खुललेला. त्याने बुवांची पिशवी घेतली आणि त्यांना थेट हौदाकडे नेलं.

निळी प्लॅस्टिकची तोटी जागच्या जागी होती.

"बघा. एक दिवस हात लावला नाही कुणी. तुमचं ऐकलं नाही, माफ करा. पण कटकट मिटली."

बुवा तोटीकडे बघत राहिले...

"आणि भाकरी?"

"रोज ठेवली. तुमचा शब्द मोडला नाही."

बुवांनी कोनाड्यातली ताटली उचलली आणि झाकण काढलं. भाकरीवर भाकरी रचलेली होती. खालच्या दगडासारख्या कडक झाल्या होत्या, वरचीवर मुंग्या होत्या.

जालिंदर ओशाळला. "काढून टाकायच्या राहिल्या."

बुवांनी ताटली त्याच्या हातात दिली.

"जा. त्याला नेऊन दे."

"कुणाला?"

"तुझ्या भावाला."

"कुठं नेऊ? तो कुठं असतो, काय करतो, जिता तरी आहे का..." जालिंदरने हातातल्या ताटलीकडे पाहिलं. "मला... मला कसं कळणार, बुवा?"

बुवांनी हौदाला टेकवलेली काठी घेतली आणि ते परत फाटकाकडे निघाले.

"तोटी पितळेची होती, तोवर कळत होतं."